पाणबुडी: शब्दाचा अर्थ, उगम आणि त्याचं गणगोत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'पाणबुडी' हा शब्द इतका रुळलेला आहे की तो कशाचा बनला आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. थोडं थांबून पाहिलं तर त्यात मराठी व्याकरण आहे, नौकानयनाचा इतिहास आहे आणि यंत्राकडे बघण्याची एक खास नजरही आहे. या शब्दाबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

'पाणबुडी' या शब्दाची फोड कशी करायची?

पाणी आणि बुडी. समासात 'पाणी' आधी आलं की शेवटचा ईकार गळतो आणि 'पाण' उरतं: पाणवठा, पाणलोट, पाणथळ, पाणकोंबडी, पाणमांजर, पाणपोई. 'पाणी' आलं संस्कृत 'पानीय'पासून, म्हणजे 'पिण्याजोगं', प्राकृतातल्या 'पाणिअ'वरून. मूळचा पिण्याचा अर्थ मागे पडला आणि समुद्राचं खारं पाणीही पाणीच झालं. 'बुडी' आलं 'बुडणे' या क्रियापदावरून. पण ते 'बुडणे' नेमकं कोणतं, हे पुढच्या उत्तरात पाहू.

बुडणं म्हणजे तर नाश. मग जहाजाला असं अशुभ नाव का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर 'बुडणे' आणि 'बुडी मारणे' यांच्यातल्या फरकात आहे.

गलबत बुडतं, बँक बुडते, उसने दिलेले पैसे बुडतात. या प्रत्येक ठिकाणी बुडणारी गोष्ट आपल्या मनाविरुद्ध जाते आणि परत येत नाही. 'बुडी' हे नाम मात्र आपण 'मारणे' किंवा 'घेणे' यांच्यासोबतच वापरतो. बुडी मारणारा स्वतःच्या इच्छेने खाली जातो आणि ठरवलेलं काम उरकून वर येतो. पोहायला शिकलेली मुलं विहिरीत बुडी मारून तळाची माती मुठीत आणून दाखवतात, ती बुडी. वर येणं हा तिच्या अर्थाचाच भाग आहे.

म्हणून 'पाणबुडीने बुडी घेतली' हे रोजचं काम आहे आणि 'पाणबुडी बुडाली' ही दुर्घटना. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची 'कुर्स्क' बारेंट्स समुद्रात बुडाली आणि तिच्यावरचे सर्व ११८ जण गेले. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची 'नांगाला' बालीच्या उत्तरेला बुडाली, त्यात ५३ जण गेले. या बातम्या मराठीत देताना 'बुडाली' हेच क्रियापद वापरावं लागतं, आणि नावातच 'बुडी' असूनही वाचकाचा क्षणभरही गोंधळ होत नाही. एका धातूची ही दोन रूपं भाषेने इतकी स्वच्छ वेगळी ठेवली आहेत.

'पाणबुडी' आणि 'पाणबुड्या' यांचा काय संबंध?

'पाणबुड्या' म्हणजे पाण्यात बुडी मारून काम करणारा माणूस. बुडालेल्या वस्तू वर काढणारा, जहाजाचा तळ तपासणारा, शिंपले वेचणारा. त्याचंच दुसरं रूप 'पाणबुडा'. घडण अगदी 'लाकूडतोड्या'सारखी: आधी नाम, मग धातू, मग करणाऱ्याचा प्रत्यय. लाकूड तोडतो तो लाकूडतोड्या, पाण्यात बुडी मारतो तो पाणबुड्या.

शब्दांच्या या जोडीत माणूस आधीचा आणि यंत्र नंतरचं. माणसाने जे काम श्वास रोखून केलं, तेच यंत्र करू लागलं तेव्हा माणसाच्या नावाचं स्त्रीलिंगी रूप यंत्राला मिळालं, कारण नौका, होडी, बोट हे सगळे शब्द मराठीत स्त्रीलिंगीच आहेत.

इथे एक गंमतीचा पेच तयार होतो. 'पाणबुडी'चं अनेकवचनही 'पाणबुड्या'च. म्हणजे 'पाणबुड्या' हा एकटा शब्द समोर आला तर तो एक माणूस आहे की अनेक जहाजं, हे कळत नाही. क्रियापद आलं की प्रश्न सुटतो: 'पाणबुड्या आला' म्हणजे माणूस, 'पाणबुड्या आल्या' म्हणजे जहाजं. विभक्ती लागली की मात्र खरी पंचाईत. 'पाणबुड्यांना परत बोलावलं' या वाक्यात कुणाला बोलावलं, हे मागचापुढचा मजकूर वाचूनच ठरवावं लागतं. बातमी लिहिणाऱ्याने अशा जागी जहाजांसाठी 'पाणबुडी नौका' असं सरळ लिहून मोकळं व्हावं.

हिंदीत 'पनडुब्बी' म्हणतात. मराठीत अक्षरं उलटी का?

उलटापालट झाली आहे खरी, आणि ती भाषांच्या इतिहासात नेहमी होते. बुड आणि डुब हे एकाच कुळातले धातू, फक्त व्यंजनांची अदलाबदल झालेली. जुन्या हिंदीत 'बूड़ना' होतं, पुढे 'डूबना' रूढ झालं. मराठीने 'बुडणे' मुख्य ठेवलं, पण 'डुबकी' आणि 'डुंबणे' हेही आपल्याकडे आहेत. अशा अदलाबदलीला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. हिंदीत 'पनडुब्बी' हे तळ्यात बुड्या मारणाऱ्या एका छोट्या पक्ष्याचंही नाव आहे. आपण त्याला टिबुकली म्हणतो.

मग 'सबमरीन' हा शब्द कुठून आला?

लॅटिनमधून. 'सब' म्हणजे खाली आणि 'मारे' म्हणजे समुद्र. मरीन इंजिनिअरमधला 'मरीन' तोच. इंग्रजीत सतराव्या शतकात हे विशेषण होतं, 'समुद्राखालचं' एवढ्याच अर्थाचं. समुद्राखालची वनस्पती, समुद्राखालचा खडक, काहीही चालायचं. पुढे अशा जहाजांना 'सबमरीन बोट' म्हणू लागले आणि एकोणिसावं शतक संपता संपता 'बोट' गळून विशेषणच नाम झालं.

इतर भाषांमध्ये पाणबुडीला काय म्हणतात?

या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हा. जगातल्या भाषांनी या जहाजाला नाव देताना मुख्यतः दोन वाटा धरल्या. काहींनी ते कुठे असतं हे सांगितलं, काहींनी ते काय करतं हे सांगितलं.

पहिल्या वाटेवर युरोपातल्या बऱ्याच भाषा दिसतात. फ्रेंच 'सू-मारँ' म्हणजे समुद्राखालची. जर्मन 'उंटरझेबोट' म्हणजे समुद्राखालची बोट. रशियन 'पद्वोद्नाया लोद्का' म्हणजे पाण्याखालची होडी, आणि त्यातला 'वोद' आपल्या 'उदका'चा सख्खा नातेवाईक. तुर्की 'देनिझआल्ती'चा अर्थही 'समुद्राखाली' एवढाच.

दुसऱ्या वाटेवर आपण आहोत, आणि सोबत बरीच आहे. बंगालीत 'डुबोजाहाज'. तमिळमध्ये 'नीर्मूऴ्गिक्कप्पल', पाण्यात बुडी मारणारं जहाज. इंडोनेशियन भाषेत 'कापाल सेलाम', म्हणजे बुडी-जहाज, आणि त्यातलं 'कापाल' हे तमिळ 'कप्पल'च समुद्र ओलांडून तिकडे गेलेलं. फिनिश भाषेत 'सुकेल्लुसवेने', बुडी-होडी. जपानी 'सेन्सुइकान'मधल्या पहिल्या चित्राक्षराचा अर्थ बुडी मारणं असाही आहे आणि दडी मारणं असाही. मराठीत बुडी आणि दडी यांचं यमक जुळतं, जपानीत दोन्ही अर्थ एकाच अक्षरात मावले आहेत.

अरबीने तर हुबेहूब मराठीसारखं केलं आहे. पाण्यात बुडी मारणारा माणूस म्हणजे 'गव्वास', आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप 'गव्वासा' म्हणजे पाणबुडी. पाणबुड्या आणि पाणबुडी, गव्वास आणि गव्वासा. दोन्ही भाषांच्या किनाऱ्यांवर श्वास रोखून खोल जाणारी माणसं होती, त्यामुळे नवं यंत्र आलं तेव्हा त्याची ओळख आधीच तयार होती.

कन्नड आणि तेलुगूतला 'जलांतर्गामी' मध्ये कुठेतरी बसतो: पाण्याच्या आत जाणारी. उर्दूतला 'आबदोज' मात्र सगळ्यांपेक्षा वेगळा. आब म्हणजे पाणी आणि 'दोज' म्हणजे शिवणारा, टोचून जाणारा. जरदोजीत जरीची शिवण असते तोच हा 'दोज'. सुई कापडात शिरते, दिसेनाशी होते आणि पुढे वर येते. पाण्यात शिरणाऱ्या जहाजाला इतकं सुंदर नाव मी दुसऱ्या भाषेत पाहिलेलं नाही.

यू-बोट म्हणजे काय? ती पाणबुडीपेक्षा वेगळी असते का?

'यू-बोट' हे 'उंटरझेबोट'चं आखूड रूप. जर्मन भाषेत ते कोणत्याही देशाच्या पाणबुडीला लागू होतं. इंग्रजीत, आणि तिथून मराठीत लिहिल्या जाणाऱ्या युद्धकथांमध्ये, यू-बोट म्हणजे दोन महायुद्धांतली जर्मन पाणबुडीच. म्हणजे फरक यंत्रात नाही, ते कुणाचं आहे यात आहे.

शब्दाचा अर्थ असा आकसण्यामागे रक्तरंजित कारण आहे. २२ सप्टेंबर १९१४ रोजी 'यू-९' या एका बोटीने ब्रिटिशांच्या 'अबुकीर', 'होग' आणि 'क्रेसी' या तीन क्रूझर साधारण दीड तासाच्या आत बुडवल्या. चौदाशेहून अधिक माणसं गेली. ७ मे १९१५ रोजी 'यू-२०'ने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवलं, त्यात सुमारे बाराशे जीव गेले. त्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'यू-बोट' हा शब्द शत्रूसाठीच राहिला आणि आपल्या बाजूच्या नौका 'सबमरीन' झाल्या. जर्मन नौदल आजही आपल्या पाणबुड्यांना 'यू' आणि क्रमांक असंच नाव देतं.

नेमकं वर्णन कोणतं, 'समुद्राखालची' की 'बुडी मारणारी'?

माझं मत स्पष्ट आहे. निदान १९५०च्या दशकापर्यंतच्या पाणबुड्यांसाठी 'बुडी मारणारी' हेच खरं वर्णन आहे.

सुरुवातीच्या नौकांची नावंच बघा. १८५०मध्ये जर्मनीत विल्हेल्म बाउअरने बांधलेली नौका 'ब्रांडटाउखर', म्हणजे 'अग्नी-पाणबुड्या'. फ्रान्सने १८६३मध्ये पाण्यात सोडलेली, दाबलेल्या हवेवर चालणारी नौका 'प्लाँझर', म्हणजे सरळ 'पाणबुड्या'. त्यांच्याही आधी, १६२०च्या सुमारास, कॉर्नेलिस ड्रेबेलने लंडनमध्ये थेम्स नदीत कातडं मढवलेली वल्ह्यांची नाव पाण्याखालून चालवली. १७७६मध्ये एकट्या माणसाने चालवायच्या 'टर्टल' या नौकेने न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश जहाजावर हल्ल्याचा फसलेला प्रयत्न केला. १७ फेब्रुवारी १८६४ रोजी हाताने दांडा फिरवून चालवलेल्या 'हनली'ने 'हाउसाटॉनिक' ही युद्धनौका बुडवली. पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची ही पहिली वेळ. 'हनली' स्वतःही त्या रात्री परतली नाही.

पुढे डिझेल इंजिन आणि बॅटऱ्या आल्या तरी मूळ स्वभाव तोच राहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वाधिक संख्येच्या जर्मन यू-बोटी पाण्यावर ताशी १७ सागरी मैलांच्या पुढे जात आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली बॅटरीवर चालायचं आणि बॅटरी उतरली की वर यायचं. बहुतेक वेळ वर, गरज पडली की बुडी. या बोटी समुद्राखाली राहत नव्हत्या, तिथे जाऊन येत होत्या.

चित्र पालटलं ते अमेरिकेच्या 'नॉटिलस'ने. तिने १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर पहिला प्रवास सुरू केला आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठला. अणुभट्टीला हवा लागत नाही. पिण्याचं पाणी आणि श्वासाचा ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यापासून बनवता येतो. अशी नौका अन्नसाठा संपेपर्यंत खाली राहू शकते. तिला 'समुद्राखालची' हे विशेषण शोभतं.

पाणबुडी बुडी मारते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

माणसं राहतात ते मजबूत दंडगोल कवच कायम कोरडं असतं. त्याच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या टाक्या असतात, त्यांना बॅलास्ट टाक्या म्हणतात. बऱ्याच पाणबुड्यांत या टाक्यांच्या तळाला भोकं असतात, आणि ती उघडीच असतात. तरीही पाणी आत येत नाही, कारण आत हवा कोंडलेली असते. बादलीत उपडा तांब्या दाबला की पाणी आत शिरत नाही, तसंच हे. आता त्या तांब्याच्या बुडाला भोक पाडलं तर? हवा फुसकन निघून जाईल आणि पाणी भरेल. टाक्यांच्या माथ्यावरच्या झडपा उघडल्या की नेमकं हेच होतं. हवा वर उसळते, खालून पाणी शिरतं, नौका जड होते आणि पाण्यात उतरते.

खाली गेल्यावर खोली सांभाळायची ती आडव्या पंखांनी, आणि पुढचं-मागचं वजन समतोल ठेवायचं ते छोट्या टाक्यांतलं पाणी इकडून तिकडे ढकलून. वर यायचं असेल तेव्हा माथ्यावरच्या झडपा बंद करून उच्च दाबाची हवा टाक्यांत सोडतात, आणि ती पाण्याला तळाच्या भोकांतून बाहेर रेटते.

पाणबुडीला 'बोट' म्हणायचं की 'जहाज'?

नौदलातली माणसं 'बोट' म्हणतात, अगदी शंभर मीटरहून लांब अणुपाणबुडीलाही. पहिल्या पाणबुड्या खरोखरच लहान होत्या, तेव्हाची सवय टिकली. मराठीत हा प्रश्न फारसा टोचत नाही, कारण आपण मोठ्या आगबोटीलाही बोटच म्हणत आलो.

सबमर्सिबल आणि सबमरीन यात काय फरक? 'टायटन' पाणबुडी होती का?

सबमरीन स्वतःच्या बळावर बंदरातून निघते, दूर जाते आणि परत येते. सबमर्सिबलला सोबत एक जहाज लागतं, जे तिला कामाच्या जागी नेतं, पाण्यात सोडतं आणि उचलून घेतं. जून २०२३मध्ये 'टायटॅनिक'चे अवशेष पाहायला गेलेली 'टायटन' दुसऱ्या प्रकारातली होती. तिच्यातले पाचही जण मृत्युमुखी पडले. मराठी वर्तमानपत्रांनी तिला 'पाणबुडी' म्हटलं, आणि शब्दाच्या अर्थाने ते बरोबरच आहे, कारण 'पाणबुडी'त फक्त बुडी मारण्याची अट आहे. तांत्रिक लेखात मात्र फरक दाखवायला हवा. तिथे 'सबमर्सिबल' असंच देवनागरीत लिहिणं मला बरं वाटतं. भारताच्या समुद्रयान मोहिमेतलं, तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी बांधलं जाणारं 'मत्स्य ६०००' हेही याच प्रकारातलं.

शेतकऱ्यांना 'सबमर्सिबल' शब्द नवा नाही. विहिरीत किंवा बोअरमध्ये पाण्याखाली सोडतात ती मोटार सबमर्सिबल, आणि तिलाच सर्रास 'पाणबुडी मोटार' म्हणतात. शब्द समुद्रावरून शेतात इतक्या सहज आला, ही त्याच्या चांगल्या घडणीची खूण आहे.

पाणबुडीशी संबंधित इतर मराठी शब्द कोणते?

टॉर्पेडोला 'पाणतीर' हा फार नेटका शब्द आहे. समुद्रात पेरलेल्या स्फोटकाला 'पाणसुरुंग'. 'पाणबुडी' धरून तिन्ही शब्द एकाच साच्यातले, आणि एका परिच्छेदात आले तरी कानाला खटकत नाहीत. मूळ 'टॉर्पेडो' हे विजेचा झटका देऊन बधिर करणाऱ्या माशाचं लॅटिन नाव. आधी ते तरंगत्या सुरुंगांना दिलं गेलं, आणि १८६६मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडने स्वतःच्या बळावर धावणारा टॉर्पेडो तयार केल्यावर हळूहळू त्याचंच झालं.

पेरिस्कोपसाठी 'परिदर्शी' असा शब्द पाठ्यपुस्तकांत आढळतो. गंमत म्हणजे ग्रीक 'पेरि' आणि संस्कृत 'परि' एकाच मुळाचे. 'स्कोप'मधला पाहण्याचा धातू आणि संस्कृत 'पश्यति'मधला धातूही एकाच मुळाचे, फक्त ग्रीकमध्ये व्यंजनांची जागा बदललेली. म्हणजे बुड आणि डुबमध्ये झालं तेच इथे हजारो वर्षांपूर्वी झालं.

भारतीय पाणबुड्यांच्या नावांचा अर्थ काय?

भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा इथे नौदलात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा नौदलाचा पाणबुडी दिन. 'कलवरी' हा मल्याळम शब्द, एका मोठ्या शार्क माशाचं नाव. 'खांदेरी' हे कोकण किनाऱ्यासमोरच्या बेटावरच्या किल्ल्याचं नाव. तो किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध मोडून उभा केला. दोन्ही नावं निवृत्त पाणबुड्यांकडून मुंबईत माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुड्यांकडे आली: नवी 'कलवरी' २०१७मध्ये, नवी 'खांदेरी' २०१९मध्ये.

'शिशुमार' हे नाव विशेष लक्ष देण्यासारखं. संस्कृतात शिशुमार म्हणजे डॉल्फिनसारखा जलचर. त्याच शब्दाचं मराठीत झिजून 'सुसर' झालं, आणि अर्थ मगरीकडे सरकला. हिंदीत झाला 'सूँस', तो डॉल्फिनच राहिला. १९८६मध्ये दाखल झालेली 'शिशुमार' जर्मनीत कील इथे बांधली गेली, याच बंदरात बाउअरची 'ब्रांडटाउखर' १८५१मध्ये चाचणीच्या वेळी बुडाली होती. 'अरिहंत' ही विशाखापट्टणममध्ये बांधलेली अणुपाणबुडी. अरि म्हणजे शत्रू, त्याचा नाश करणारी.

लिहिताना 'पाणबुडी' की 'पाणबूडी'?

पाणबुडी. बु ऱ्हस्व, डी दीर्घ. सामान्यरूपात 'पाणबुडीचा', 'पाणबुडीत'. अनेकवचन पाणबुड्या.

पाणबुडीवर काम करणाऱ्याला काय म्हणायचं?

'पाणबुड्या' म्हणता येत नाही, कारण तो शब्द पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा आहे आणि नौदलात ते वेगळं पद, वेगळं प्रशिक्षण. नौदलात 'सबमरीनर' म्हणतात. मराठी लिखाणात 'पाणबुडीवरचा नौसैनिक' असं लिहावं, ते लांब असलं तरी नेमकं आहे. प्रशिक्षण आणि परीक्षा पार पडल्यावर त्याच्या छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. ते मिळवण्यासाठी त्याला फक्त स्वतःचं काम येऊन भागत नाही. बोटीतल्या झडपा, हवेच्या नळ्या, बॅटऱ्या आणि संकटात बाहेर पडायच्या वाटा, हे सगळं पाठ असावं लागतं, कारण खाली काही बिघडलं तर जवळ जो उभा असेल त्यालाच हात घालावा लागतो.